११. वाळू पडेपर्यंत

बुद्धवंदना आटोपली, साधु-साधु-साधु झालं, आणि खीर वाढायच्याही आधी हरिदासांनी निळी फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली. लीलाबाईंनी ती ओळखली. गेले तीन दिवस ती त्यांच्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. साड्यांखाली ठेवलेलं बायकोला कळत नाही, अशी समजूत छत्तीस वर्षांच्या संसारानंतरही या माणसाची कायम होती.

“उद्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत शैलेंद्रले फोन कराचा हाय,” हरिदास म्हणाले. “एकच जागा उरली हाय तिथं. आपण हो नाई म्हटलं तर दुसऱ्याले देतीन.”

तिथं म्हणजे नागपूरबाहेरच्या निवासी संस्थेत. हरिदासांचा धाकटा भाऊ शैलेंद्र स्वतः जाऊन बघून आला होता आणि त्याने फोटोही पाठवले होते. एका खोलीत बारा खाटा, स्वच्छ चादरी, फाटकाला कुलूप. या महिन्याच्या अखेरीला हरिदासांची कंपनीतली नोकरी संपत होती, त्याबरोबर व्हिसाही संपत होता. बहारीनच्या बुसैतीन भागातल्या या फ्लॅटमधलं सामान नागपूरच्या घरी जाणार हे ठरलेलं होतं. अश्वजितही त्या घरी जाणार की त्या बारांपैकी एका खाटेवर, एवढंच ठरायचं होतं.

अश्वजित घरातला सगळ्यात धाकटा, सव्वीस वर्षांचा. या क्षणी तो खिडकीशी त्याच्या खुर्चीत बसून विमानांची वाट बघत होता. बोलायचा थोडंच, आणि तेही बहुतेक कुठेतरी ऐकलेलं. ऑटिझम हा शब्द तो सहा वर्षांचा असताना घरात आला, आणि आला तसा हरिदासांनी तो दाराच्या आतच ठेवून घेतला. इतकी वर्षं निभलं होतं. पण गेल्या चार महिन्यांत पोरगं अगदी वेगळंच झालं होतं. स्वतःच्या डाव्या गालावर चापट्या मारून घ्यायचा, कधी शंभर, कधी दोनशे. केस कापायला कात्री घेऊन कोणी जवळ आलं की किंचाळायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरने पाच मिनिटांत हा स्वभावाचा प्रश्न आहे असं सांगून शांत राहायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गोळी घेतली की तो झोपायचा, आणि उठला की पुन्हा चापट्या सुरू व्हायच्या.

“आई, जरा प्रॅक्टिकल विचार कर,” प्रज्योत म्हणाला. तो थोरला. जुफैरला राहायचा, एका कार्गो कंपनीच्या ऑफिसात होता, आणि अवघड गोष्ट सांगताना नेहमी घड्याळ काढून हातात घ्यायचा. तसं त्याने आत्ताही काढलं होतं. “मी इथे. संघा अमेरिकेत. तुम्ही दोघं तिथे एकटे. ही इज अ ग्रोन मॅन नाऊ. उद्या त्याने तुला ढकललं तर?”

“माया अंगावर त्यानं कधी हात नाई टाकला. मारते तो सोतालेच मारते.”

“तुये गुडघे गेले, लीला,” हरिदास म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, आणि लीलाबाईंना त्याचाच जास्त त्रास झाला. भांडायला आलेल्या नवऱ्याला कसं परतवायचं ते त्यांना पाठ होतं. थकलेल्या नवऱ्यापुढे त्यांची मात्रा चालत नसे. “मी एकसष्टचा झालो. आपल्या माघारी कोण करन त्याचं? आज जागा हाय, उद्या नसन.”

लीलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. नीलमला सातवा महिना चालू होता. गेल्या शुक्रवारी अश्वजित किंचाळला तेव्हा ती दोन्ही हात पोटावर धरून स्वयंपाकघरात निघून गेली होती. लीलाबाईंनी ते पाहिलं होतं आणि मनात धरून ठेवलं होतं. ही काही आपल्या बाजूने बोलायची नाही, असं समजून त्या खिरीची वाटी उगाचच पुसत बसल्या.

“मला भीती वाटते, खोटं नाही सांगत,” नीलम म्हणाली. “पण म्हणूनच प्रियाताईंना मी अमेरिकेला फोन केला. त्या सुट्टी घेऊन आपल्या आपण नाही आल्या. मीच बोलावलं.”

“तू बोलावलंस?” प्रज्योत म्हणाला. “मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर तू घड्याळ काढलं असतंस.”

प्रज्योतने घड्याळ परत मनगटावर चढवलं. लीलाबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी वाटीत लपवलं. आठ दिवस मनात धरलेला राग असा एका वाक्यात सुटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता सगळे संघप्रियाकडे बघू लागले. ती मधली, एकतीस वर्षांची. टेक्सासच्या एका विद्यापीठात सोशल वर्कचं संशोधन करायची. मेक्सिको, एल साल्वादोर अशा देशांतून आलेल्या कुटुंबांमधली ऑटिझम असलेली मोठी माणसं हा तिचा विषय. त्यांना औषधपाणी धड का मिळत नाही, डॉक्टरच्या दारातून ती परत का येतात, हे ती घरोघरी जाऊन विचारायची. बहारीनमधल्या मंडळाच्या कार्यक्रमात लीलाबाई हे अभिमानाने सांगायच्या. घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनात यायचं, की परक्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्या पोरांची चौकशी करणारी ही, स्वतःच्या भावाला दोन वर्षांतून एकदा बघते.

संघप्रियाने पर्समधून एक छोटं वाळूचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. लाकडी चौकटीचं, अंगठ्याएवढं.

“हे काय आता?” हरिदास म्हणाले.

“एक मिनिटाचं आहे. मी आशूला काही विचारणार आहे. वाळू पूर्ण खाली पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही.”

लीलाबाईंच्या मनातलं शेवटी तोंडावर आलंच. “आता माया पोराचा बी रिपोर्ट करशीन काय तू? अमेरिकेतल्या लोकायले वाचाले?”

“नाही गं आई. घरच्या माणसावर संशोधन करताच येत नाही, तसा नियम आहे. हे फक्त आपल्यासाठी.” संघप्रिया खुर्ची ओढून आईजवळ बसली. “तिथे मी एखाद्या मुलाला विचारते, तुला काय त्रास होतो. उत्तर कोण देतं माहितीये? त्याची आई देते, मावशी देते, शेजारीण देते. सगळी प्रेमाची माणसं. त्याला थंडी वाजते, त्याला हे आवडत नाही, त्याचं असंच असतं. सहा महिन्यांनी आम्ही सगळी रेकॉर्डिंग परत ऐकली. ज्यांच्याबद्दल विचारत होतो, त्यांच्यातल्या एकाचाही आवाज नव्हता त्यात. मी स्वतः तिथे बसून होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून हे घड्याळ आलं.”

“आईनं नाई बोलाचं तर कोणं बोलाचं?”

“आईनेही बोलायचंच. पण नंतर.”

सव्वीस वर्षं या पोराची वाचा लीलाबाईंनी वाहिली होती. शाळेत, दवाखान्यात, विमानतळावरच्या रांगेत. तोच गुन्हा ठरतो की काय, असं त्यांना वाटलं.

“आणि बाबा,” संघप्रिया म्हणाली, “तिथली माणसं डॉक्टरच्या फॉर्मवर ऑटिझम लिहीतच नाहीत. कागदपत्रांची भीती. लिहिलं आणि कुणी हाकलून दिलं तर? मग डॉक्टरला काही कळतच नाही. समोरचा माणूस किंचाळतो, एवढंच दिसतं त्याला.”

हरिदासांनी फाईलच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “मी बी नाई लिहिलं कधी.”

“कधीच नाही?” प्रज्योत म्हणाला. “बाबा, त्या गोळ्या दिल्या तेव्हापण?”

“व्हिसा थांबवतीन म्हने.”

“कोण म्हणालं होतं?” संघप्रियाने विचारलं.

“सिराज म्हने. आमच्या कंपनीत क्रेन चालवे. आशू लहान होता तवाची गोष्ट.”

“आणि सिराजला कुणी सांगितलं?”

हरिदासांनी बराच वेळ आठवून पाहिलं. “ते मी इचारलं नाई,” ते म्हणाले. एकाच्या सांगण्यावर वीस वर्षं निघाली होती, आणि सिराज तर कधीच केरळला परत गेला होता. प्रज्योत काही बोलणार होता, पण बापाचा चेहरा पाहून त्याने खीर पुढे ओढली.

संघप्रिया उठून खिडकीपाशी गेली आणि भावासमोर खाली फरशीवर बसली. त्याच्या डोळ्यांत न बघता, बाजूला बघत. “आशू, तुला काय होतंय?” तिने विचारलं आणि घड्याळ उलटवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

वाळू पडू लागली. अश्वजित तिच्याकडे बघत राहिला. प्रज्योतचा पाय टेबलाखाली हलायला लागला, हरिदास खोकला दाबू लागले. लीलाबाईंच्या तोंडाशी चार उत्तरं येऊन थांबली होती. त्याले घर बदलून रायलं हे समजलं हाय. त्याले गरमी सहन नाई होत. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

अर्धी वाळू पडली असेल तेव्हा अश्वजित उठला. टीव्हीखालच्या कप्प्यापाशी गेला, तो उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

“बघ, सुरू झालं,” प्रज्योत पुटपुटला. संघप्रियाने त्याला हाताने थांबवलं. कप्पा उघडत होता, मिटत होता.

इतर कोणाला काही कळलं नव्हतं. लीलाबाईंना मात्र कळलं.

वाळू संपली. “त्याचे टॅग तिथं राहे,” त्या म्हणाल्या. “मीच काढून वर ठेवले. कपाटावर.”

टॅग काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. हरिदास कंपनीत मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे. यंत्र बिघडलं की त्याला लाल टॅग बांधायचा, म्हणजे कोणी हात लावत नाही. सुरू झालं की हिरवा. अश्वजित आठ वर्षांचा असताना त्यांनी उरलेल्या टॅगांचं एक पुडकं घरी आणलं, आणि पोराने खेळ म्हणून ते उचललं. पंखा आवाज करायला लागला की पंख्याच्या बटणाला लाल टॅग. इस्त्री जळाली की इस्त्रीला. नळ गळतो हे घरच्यांना कळायच्या आधी नळाला टॅग लागलेला असायचा. या एका बाबतीत त्याची चूक कधी निघाली नव्हती.

“काहून काढले?” हरिदासांनी विचारलं.

“तो सोताच्या सदऱ्याले लावाले लागला होता. लाल टॅग. इथं, कॉलरीले.” लीलाबाईंनी स्वतःच्या गळ्याची डावी बाजू दाखवली. “रोज सकाळी. तुमी पाचले ड्यूटीवर जा, तुमाले कुठं दिसे? मी म्हटलं, माणसाले टॅग नसते लावाचा, बाबा. माणूस काय मशीन हाय काय? मी काढो, तो पुन्हा लावे. मंडळाचे लोक घरी येणार होते, चांगलं दिसत नाई म्हणून मी पुडकंच वर ठेवलं.”

“कधी?”

“रमजानच्या आधी.”

“आणि चापट्या कधी सुरू झाल्या?” संघप्रियाने हळूच विचारलं.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

हरिदास खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. “लीला,” ते म्हणाले, “ज्यानं टॅग लावला त्यानंच काढाचा असते. दुसऱ्यानं नाई. मीच शिकवलं होतं त्याले. माया आख्ख्या नोकरीत मी दुसऱ्याच्या टॅगले हात नाई लावला.” ते रागाने बोलत नव्हते. पण त्यांच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा गुन्हा आपल्या घरात झाला, तोही रोज सकाळी, हे त्यांना सहन होत नव्हतं. “आणि तो टॅग खरा होता.”

“मले काय माहीत,” लीलाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. नीलम उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

प्रज्योतने स्टुलावर चढून पुडकं खाली काढलं. धूळ शर्टाला पुसून भावापुढे धरलं. अश्वजितने ते घेतलं नाही. आधी त्याने आईकडे पाहिलं.

“लाव,” लीलाबाई म्हणाल्या. “लाव, बाबा. मी नाई काढत.”

त्याने एक लाल टॅग निवडला. दोऱ्याचा फास डाव्या कानात अडकवला आणि टॅग जबड्यावर येईल असा दोन बोटांनी सरळ केला. मग खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने एकही चापट मारली नाही. ताटात वाढलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्या मात्र त्याने तशाच ठेवल्या. एरवी आठ खाणारं पोरगं चार महिने फक्त मऊ भात खातंय, हे लीलाबाईंच्या डोळ्यांसमोरच चाललं होतं. हट्ट करते, असं त्या शेजारणीला सांगत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अदलियातल्या एका दातांच्या दवाखान्यात त्यांना वेळ मिळाली. संघप्रियाने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की मोठा दिवा शेवटी लावा, थांबायला लावू नका. फॉर्म हरिदासांनी भरला. इतर काही आजार, या रकान्यापाशी ते थांबले आणि पेन दोनदा झटकलं. पेन चालत होतं. मग त्यांनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत ऑटिझम असं लिहिलं आणि फॉर्म उलटा न करता काउंटरवर ठेवला.

डॉक्टर सबा तरुण होत्या. त्यांनी कानातला टॅग पाहिला आणि सवयीप्रमाणे आईकडे वळल्या. “कहाँ दर्द है इसको? कब से है?”

लीलाबाईंकडे उत्तर तयार होतं. बाजू, महिना, तारीखसुद्धा. त्यांनी पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

“उसीसे पूछिए,” त्या म्हणाल्या. “थोडा रुकना पडेगा.”

डॉक्टर सबा थांबल्या. बरंच थांबल्या. अश्वजितने तोंड उघडलं आणि स्वतःचं बोट आत, डावीकडे, अगदी मागे नेलं. अक्कलदाढेखाली पू भरला होता. चार महिने हा मुलगा जेवत कसा होता, असं डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं. सूज उतरायला औषध दिलं, दाढ मंगळवारी काढायची ठरली.

संध्याकाळी सहाला सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. औषधाने अश्वजितला बरं वाटत असावं. तो खिडकीशी शांत होता आणि टॅग अजून कानातच होता. निळी फाईल कालच्याच जागी पडली होती.

“दातामुळे सगळं सुटलं असं नाही,” प्रज्योत म्हणाला. घड्याळ या वेळी मनगटावरच होतं. “आय ॲम सॉरी, पण कोणीतरी बोलायला हवं. दहा वर्षांनी काय? तुमच्यानंतर काय?”

“बरोबर हाय तुयं,” लीलाबाई म्हणाल्या. प्रज्योतने चमकून पाहिलं. आई आपल्याला बरोबर म्हणेल ही अपेक्षा त्याने कधीच सोडली होती. “तो प्रश्न खोटा नाई. पण आपण तो आपल्यालेच इचारून रायलो. ज्याचा हाय त्याले नाई.”

हरिदासांनी फाईलमधून संस्थेचा फोटो काढला. मोबाईलवर नागपूरच्या घराचा शोधला, ज्यात मागची खोली आणि तिची खिडकी दिसत होती. दोन्ही घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि गुडघे धरत धरत फरशीवर बसले. संघप्रिया बसली होती तसेच, बाजूला बघत. मुलापुढे असं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

“आशू,” ते म्हणाले, “तुले कुठं राहाचं हाय?”

त्यांनी स्वतः वाळूचं घड्याळ उलटवलं.

अश्वजितने फोटो पाहिला, मोबाईल पाहिला. टॅगांचं पुडकं मांडीवर घेतलं. हिरवा एक काढला, परत ठेवला. बाहेर एक विमान उतरलं, त्याने मान वळवून ते जमिनीला लागेपर्यंत पाहिलं. वाळू संपली.

“झालं एक मिनिट,” प्रज्योत हळूच म्हणाला. संघप्रियाही पुढे सरकली, प्रश्न सोपा करून विचारावा म्हणून.

लीलाबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्याने खिडकीपर्यंत गेल्या, घड्याळ उचललं आणि पुन्हा उलटवून कट्ट्यावर ठेवलं. मग नवऱ्याशेजारी फरशीवर बसल्या. पोराचं उत्तर काय असेल हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्या गप्प राहिल्या.

तिसऱ्यांदा वाळू पडत असताना हरिदासांचा फोन वाजला. शैलेंद्र होता. सात वाजत आले होते.

“नाई रे, हो बी नाई अन् नाई बी नाई,” हरिदास फोनवर म्हणाले. “जागा दुसऱ्याले द्याची असन तर देऊ दे त्यायले.” पलीकडून शैलेंद्र काहीतरी जोरात बोलला. हरिदासांनी ते ऐकून घेतलं, मग मुलाच्या कानातल्या लाल टॅगकडे पाहिलं.

“आमी त्यालेच इचारलं हाय,” ते म्हणाले. “उत्तर आलं की कळवतो.”